साठच्या दशकातली अमेरिकन मासिकं: राजकारणावर खरंच परिणाम व्हायचा का?

वाटसरू७

नमस्कार मंडळी. नाशिकला आजोबांची खोली आवरताना पलंगाखालच्या ट्रंकेत 'स्पॅन'चे पंचवीस-तीस अंक सापडले. सगळे साठच्या दशकातले. आजोबा शेतकी खात्यात होते, त्यांना पोस्टाने यायचे. अमेरिकन सरकार भारतीय वाचकांसाठी १९६० पासून हे मासिक काढतं एवढं माहीत होतं, पण हातात पहिल्यांदाच धरलं. कागद अजून गुळगुळीत आहे. रॉकेट, धरणं, मक्याची शेतं, दात दाखवून हसणारी कुटुंबं. सगळं कसं आलबेल.

ते चाळताना डोक्यात आलं की हे झालं आपल्यासाठी छापलेलं. तेव्हा तिथली माणसं स्वतः काय वाचत होती? तिकडे तर व्हिएतनाम, कृष्णवर्णीयांचा लढा, केनेडींचा खून, सगळं एकाच दशकात चाललं होतं. यूट्यूबवर एक व्याख्यान ऐकलं, त्यात वक्ते ठासून म्हणाले, "मासिकांनी युद्ध थांबवलं." मला ते जरा जास्तच वाटलं. टीव्ही आलेला असताना महिन्याने येणारं मासिक कोण विचारणार? जाणकारांनी प्रकाश टाकावा. मी इंजिनिअर आहे, इतिहासातलं फार कळत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

खवट

टीव्ही. विषय संपला.

सविस्तर हवं असेल तर: सप्टेंबर १९६३ मध्ये सीबीएस आणि एनबीसी या दोन्ही वाहिन्यांनी रात्रीच्या बातम्या पंधरा मिनिटांवरून अर्ध्या तासावर नेल्या. तिथून पुढे युद्ध रोज जेवणाच्या टेबलावर. २७ फेब्रुवारी १९६८ ला सीबीएसचा वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइटने पडद्यावर सांगितलं की हे युद्ध कोंडीत अडकलंय. कोट्यवधी लोकांनी ऐकलं. मासिकं न्हाव्याच्या दुकानात नंबर येईपर्यंत चाळायची असतात.

बाइंडिंगवाली

खवट, विषय संपला म्हणायला तुमचं काय जातं! माझी बत्तीस वर्षं त्याच विषयावरची धूळ पुसण्यात गेली.

माझी ओळख आधी सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. मी सांगलीची. १९८१ ला लग्न होऊन मिशिगनमध्ये गेले आणि दोन वर्षांत तिथल्या एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात चिकटले. नियतकालिकांचा विभाग, तळघरात. काम असं की वर्षभराचे अंक गोळा करायचे, क्रमाने लावायचे, गहाळ अंकांची यादी करायची, गठ्ठे बांधून बाइंडरकडे पाठवायचे आणि परत आले की पुठ्ठ्याच्या कण्यावरची सोनेरी अक्षरं तपासायची. साठच्या दशकाचे खंड माझ्या आधीच बांधून झालेले. पण ८७-८८ मध्ये मायक्रोफिल्म आली. वरून हुकूम आला की कागदी खंडांतले कुठले ठेवायचे नि कुठले काढायचे ते ठरवा, आणि त्यासाठी पान न् पान तपासा. ते पान न् पान माझ्या वाट्याला आलं. दोन हिवाळे लागले.

वाटसरू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या कामात हाताने कळलं. 'लाइफ' हे मोठ्या आकाराचं साप्ताहिक. दोन महिन्यांच्या अंकांचा एक खंड, आणि तो उचलायचा म्हणजे पाटा उचलल्यासारखा पोटाशी धरावा लागे. 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' तसंच. त्याच्या शेजारी 'रॅम्पार्ट्स'चा खंड दोन बोटांत धरता यायचा. आणि आय. एफ. स्टोन नावाचा एक पत्रकार वॉशिंग्टनमध्ये राहत्या घरातून चार पानांचं साप्ताहिक काढायचा. कार्यालय सांभाळायला बायको. त्याचं अख्खं वर्ष म्हणजे शाळेची दोनशेपानी वही. माझ्या हाताला जे जड लागायचं ते जाहिरातींनी जड होतं. मोटारी, सिगरेटी, फ्रीज, सूपचे डबे. राजकारणातलं वजन बऱ्याचदा त्या वहीत असायचं.

'पोस्ट'चंच घे. खप साठ लाखांच्या वर. एवढे वर्गणीदार असूनही तोटा, कारण जाहिरातदार टीव्हीकडे वळले होते (हे तुमचं बरोबर, खवट). मग १९६८ मध्ये नव्या मालकांनी काय करावं? जाहिरातदारांना श्रीमंत वाचक हवेत म्हणून वर्गणीदारांची यादी कापून निम्म्यावर आणली! पैसे भरलेल्या माणसाला सांगायचं की तू आम्हाला नकोस. फेब्रुवारी १९६९ च्या अंकानंतर दुकान बंद. आमच्या विभागातल्या माझ्या वरिष्ठ बाई यात कापल्या गेलेल्यांपैकी होत्या, आणि वीस वर्षांनंतरही त्या 'पोस्ट'चं नाव काढलं की नाक मुरडायच्या.

आता 'रॅम्पार्ट्स'. १९६२ मध्ये एडवर्ड कीटिंग नावाच्या गृहस्थांनी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला सुरू केलेलं कॅथलिक मंडळींचं वाङ्मयीन त्रैमासिक. कविता, धर्मचिंतन वगैरे. मग वॉरन हिंकल संपादक झाला. एका डोळ्यावर काळी पट्टी, अंगात नाटक मुरलेलं. पाळलेल्या माकडाचं नाव त्याने हेन्री ल्यूस ठेवलं होतं. ल्यूस म्हणजे 'टाइम' आणि 'लाइफ'चे मालक, त्या काळातलं मासिकांच्या धंद्यातलं सर्वांत मोठं प्रस्थ. यावरून माणूस ओळख. सोबत रॉबर्ट शीअर हा शोधपत्रकार आणि डुगाल्ड स्टर्मर हा कलासंपादक. कचेरी सॅन फ्रान्सिस्कोत. डाव्या चळवळीची पत्रकं तेव्हा सायक्लोस्टाइलवर निघायची, शाई बोटाला लागायची. यांनी तोच मजकूर गुळगुळीत कागदावर, फॅशनच्या मासिकासारखा देखणा छापला. 'लाइफ'चा पोशाख करून 'लाइफ'च्याच विरोधात.

फेब्रुवारी १९६६ च्या मुखपृष्ठावर छातीवर पदकं लावलेला एक सार्जंट, डॉनल्ड डंकन, अमेरिकन लष्कराच्या ग्रीन बेरे या विशेष पथकातला, आणि मथळा "आय क्विट!". दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, आमच्या घराजवळच बॉम्ब पडला. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा १९५५ ते ६२ असा दक्षिण व्हिएतनाममध्ये एक प्रकल्प होता. वरून दिसायला प्रशासनाचं प्रशिक्षण, आतून पोलीसदलाची उभारणी आणि सीआयएच्या माणसांना आडोसा. हे सगळं त्या अंकात बाहेर आलं, आणि प्रास्ताविक लिहिलं होतं प्रकल्पाचं काम पाहिलेल्या स्टॅनली शाइनबॉम यांनी. मुखपृष्ठावर दक्षिण व्हिएतनामच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या भावजय, राजघराण्यासारखा थाट असलेल्या मादाम न्हू, विद्यापीठाच्या चिअरलीडरच्या वेषात. वरिष्ठ बाई सांगायच्या की तो अंक आमच्याकडे मोकळ्या मांडणीवर लावलाच नाही, काउंटरमागे ठेवला, मागेल त्याला सही घेऊन द्यायचा. मी तपासला तेव्हा मांडणीवरच्या अंकांपेक्षा तोच जास्त मळलेला होता.

पण खरी गंमत १९६७ ची. इथे वाटसरूच्या "महिन्याने येणारं मासिक" या मुद्द्याला उत्तर आहे.

नॅशनल स्टुडंट असोसिएशन ही अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी संघटना. जगभरच्या युवक परिषदांना यांचे प्रतिनिधी जायचे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून यांच्या परदेशी कामाचा खर्च गुपचूप सीआयए करत होती, वेगवेगळ्या धर्मादाय संस्थांच्या नावाने. संघटनेतल्या मोजक्या पदाधिकाऱ्यांना ते माहीत, त्यांच्याकडून गुप्ततेची शपथ घेतलेली. मायकेल वुड हा तिथला निधी जमवणारा तरुण. त्याला हे कळलं आणि तो कागदपत्रं घेऊन 'रॅम्पार्ट्स'कडे गेला. लेख मार्चच्या अंकासाठी तयार झाला. इथे मासिकाची खरी अडचण सुरू होते. मजकूर जुळवायचा, छापायचा, शिवायचा, पोस्टात टाकायचा, तोवर आठवडे जातात. संघटनेला आणि सीआयएला वास लागला. त्यांनी ठरवलं की आपणच पत्रकार परिषद घेऊन कबूल करून टाकायचं, म्हणजे मासिक बाहेर पडेल तेव्हा बातमी शिळी झालेली असेल. हिंकलला हे कळलं. मग पठ्ठ्याने काय केलं, तर 'न्यू यॉर्क टाइम्स' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये पैसे मोजून पानभर जाहिरात दिली, १४ फेब्रुवारीला. आपल्याच मासिकाची बातमी, दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात, जाहिरात म्हणून! जाहिरातीचं पान आणि बातमीचं पान एकाच दिवशी. मग सगळी वर्तमानपत्रं आणि टीव्ही (हो, तुमचा टीव्हीसुद्धा) त्यामागे धावले. अध्यक्ष जॉन्सन यांना चौकशी समिती नेमावी लागली आणि मार्च संपायच्या आत अशा गुप्त मदतीवर बंदी आली. गंमत म्हणजे तोवर सीआयएने 'रॅम्पार्ट्स'चीच चौकशी सुरू केली होती. त्यांच्या आयकराचे कागदसुद्धा काढून पाहिले.

म्हणून म्हणते, मासिक किती लोक वाचतात हा प्रश्नच नाही. 'रॅम्पार्ट्स'चा खप अगदी भरात असताना अडीच लाखांच्या आसपास. 'लाइफ'च्या तुलनेत चिल्लर. पण ती अडीच लाखांतली एखादी प्रत कुणाच्या टेबलावर पडते ते बघायचं.

एक टेबल तर विमानतळावरच्या उपाहारगृहातलं. जानेवारी १९६७ च्या अंकात विल्यम पेपर यांचा व्हिएतनामच्या मुलांवरचा लेख होता, नापाम या आगलाव्या बॉम्बने भाजलेल्या मुलांच्या रंगीत फोटोंसह. मार्टिन ल्यूथर किंग जमैकाला निघाले होते, वाटेत मासिकांचा एक गठ्ठा घेतला. त्यांचे सहकारी बर्नार्ड ली यांनी नंतर सांगितलं की चाळता चाळता किंग त्या फोटोंपाशी थांबले आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. ४ एप्रिलला न्यू यॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी युद्धाविरुद्धचं ते मोठं भाषण केलं. त्याआधी ते युद्धावर बोललेच नव्हते असं नाही, पण इतकं उघड आणि इतकं कडक पहिल्यांदाच. त्याने जॉन्सन यांच्याशी उरलंसुरलं नातंही तुटलं. ते भाषण पुढे 'रॅम्पार्ट्स'नेच छापलं.

खूप झालं. भाजी करपतेय. स्टोनबद्दल संध्याकाळी.

उजवीकडून

छान माहिती, पण काकू, एकच बाजू. दशकात डावे एकटेच वाचत नव्हते. विल्यम बकली यांनी १९५५ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' सुरू केलं ते विसरू नका. सप्टेंबर १९६० मध्ये कनेक्टिकटमधल्या शॅरन गावी बकलींच्या घरी शंभरेक तरुण जमले आणि 'यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम' ही संघटना तिथेच जन्माला आली. त्याच वर्षी बॅरी गोल्डवॉटर यांच्या नावाने निघालेलं पुस्तक प्रत्यक्षात लिहिलं होतं ब्रेंट बोझेल यांनी, म्हणजे बकलींचे मेहुणे आणि त्याच मासिकातले संपादक. चार वर्षांनी गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार झाले. सहाच राज्यं जिंकले, हे खरं. पण त्यांच्यासाठी टीव्हीवर भाषण करायला उभा राहिलेला रोनाल्ड रेगन हा नट 'नॅशनल रिव्ह्यू'चा वाचक होता. पुढचं सांगायला नकोच.

आणि घरातली साफसफाईही त्यांनी केली. जॉन बर्च सोसायटी या कट्टर कम्युनिस्टविरोधी संघटनेचा रॉबर्ट वेल्च माजी अध्यक्ष आयझेनहॉवरनाच कम्युनिस्टांचा हस्तक म्हणत होता. फेब्रुवारी १९६२ मध्ये बकलींनी त्याच्याविरुद्ध लांबलचक लेख छापला. वर्गणीदार तुटले, देणगीदार चिडले, तरी छापला. आज असं कोण करतं?

दादरकर

वाटसरू, तुमच्या ट्रंकेवरून आठवलं. बाइंडिंगवाली ताईंनी सांगितलेल्या १९६७ च्या त्या फटाक्याच्या ठिणग्या आमच्या मुंबईपर्यंत उडाल्या होत्या.

मी तेव्हा बी.ए.ला. इंग्रजीचे एक सर 'एन्काउंटर' आणि 'क्वेस्ट' वाचायला द्यायचे. 'एन्काउंटर' लंडनचं, 'क्वेस्ट' आपल्या मुंबईचं. पहिले संपादक निस्सिम इझिकेल. दोन्हींच्या मागे 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' ही संस्था, इकडे तिची भारतीय समिती, मिनू मसानींसारखी माणसं त्यात. तिकडे विद्यार्थी संघटनेचं बिंग फुटलं, तसं या काँग्रेसचंही फुटलं, की तिचा पैसा सीआयएचा. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने १९६६ मध्येच तसं छापलं होतं. १९६७ च्या मे महिन्यात सीआयएचे माजी अधिकारी टॉम ब्रेडन यांनी लेख लिहून सरळ कबूलच केलं, वर छातीठोकपणे समर्थनही केलं. कुठे छापला तो लेख? ताईंच्या त्या 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये! 'एन्काउंटर'चे संपादक स्टीफन स्पेंडर आणि फ्रँक करमोड यांनी राजीनामे दिले.

आमच्या सरांचा चेहरा मला आठवतो. ते म्हणाले, "अरे, मी त्यातलं जे वाचलं ते चांगलंच होतं. आता ते चांगलं होतं असं म्हणायचं की नाही?" वर्गातले डावे पोरगे हसले. मला हसू आलं नाही. 'क्वेस्ट'मध्ये लिहिणारी माणसं कुणाची बाहुली नव्हती. अ. भि. शहांसारख्या माणसाला कोण काय सांगणार? पुढे आणीबाणीत 'क्वेस्ट' बंद पडलं, १९७७ मध्ये पुण्याहून 'न्यू क्वेस्ट' निघालं. मे. पुं. रेगे, मग दिलीप चित्रे यांनी ते चालवलं. पण संशयाचा डाग लागला तो लागलाच.

(अवांतर: १९७२ मध्ये 'साधना'च्या स्वातंत्र्यदिन अंकातल्या राजा ढाल्यांच्या लेखाने केवढा गदारोळ झाला होता! आणि ज्यांच्यावरून दलित पँथर हे नाव आलं त्या ब्लॅक पँथर्सचे एल्ड्रिज क्लीव्हर 'रॅम्पार्ट्स'मध्येच नोकरीला होते. धागे कुठे कुठे जुळतात.)

बाइंडिंगवाली

दादरकर, तुमच्या सरांचा प्रश्न मला आवडला. उत्तर माझ्याकडे नाही.

उजवीकडून, तुमचा मुद्दा मान्य. 'नॅशनल रिव्ह्यू'चे आमच्याकडचे खंड कोरे करकरीत होते, पण तो आमच्या गावच्या वाचकांचा दोष. मात्र तुम्ही वेल्चवरचा लेख सांगितलात आणि नागरी हक्कांच्या कायद्याबाबत 'नॅशनल रिव्ह्यू'ची भूमिका काय होती ते पोटात ठेवलंत. तेही सांगा कधी.

गोल्डवॉटरवरून एक मासिकाने तोंडावर आपटल्याची गोष्ट. राल्फ गिन्झबर्ग यांचं 'फॅक्ट' नावाचं द्वैमासिक होतं. १९६४ च्या निवडणुकीआधी त्यांनी देशातल्या १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना प्रश्न पाठवला: गोल्डवॉटर अध्यक्षपदासाठी मनाने सक्षम आहेत का? २,४१७ उत्तरं आली, त्यांतली १,१८९ "नाही" म्हणणारी. माणसाला कधी समोर बसवून तपासलेलं नाही, तरी रोगांची नावंसुद्धा लिहून मोकळे! अख्खा अंक त्यावर. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण खटला जिंकले. नुकसानभरपाई एक डॉलर आणि दंडात्मक पंचाहत्तर हजार. पुढे १९७३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की न तपासलेल्या माणसाबद्दल जाहीर मत द्यायचं नाही. आजही त्याला गोल्डवॉटर नियम म्हणतात.

आता स्टोन. ऐकायला कमी यायचं, त्यामुळे पत्रकार परिषदांना जाऊन उपयोग नाही. मग हा माणूस सरकारचीच कागदपत्रं वाचायचा, परिशिष्टासकट. १९६५ च्या फेब्रुवारीत परराष्ट्र खात्याने श्वेतपत्रिका काढली की दक्षिण व्हिएतनाममधलं बंड उत्तरेने पाठवलेल्या माणसांवर आणि शस्त्रांवर चाललंय. सगळ्यांनी मथळा छापला. स्टोनने मागची यादी मोजली. पकडलेल्या शस्त्रांत कम्युनिस्ट देशांची म्हणून दाखवलेली शस्त्रं एकूण शस्त्रांच्या अडीच टक्केही भरत नव्हती. बाकीची कुठून आली? बरीचशी अमेरिकेनेच दक्षिणेला दिलेली, बंडखोरांनी हिसकावलेली. वार्षिक वर्गणी पाच डॉलर. १९५३ मध्ये पाच हजारांच्या आसपास वर्गणीदार होते, १९७१ मध्ये बंद केलं तेव्हा सत्तर हजारांच्या घरात. जाहिरात एकही नाही. बांधायला सर्वांत सोपा खंड.

आणि 'न्यू यॉर्कर'. १९ जानेवारी १९६३ च्या अंकात ड्वाइट मॅकडॉनल्ड यांनी मायकेल हॅरिंग्टन यांच्या अमेरिकेतल्या गरिबीवरच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं, इतकं लांब की तेच एक पुस्तक व्हावं. मूळ पुस्तक तोवर फारसं कुणी विचारत नव्हतं. परीक्षणानंतर व्हाइट हाउसमध्ये त्यावर चर्चा. केनेडींनी पुस्तक वाचलं की नुसतं परीक्षणच, यावर अजून वाद घालतात. पुढच्या जानेवारीत जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या परीक्षणाच्या पानांच्या दोन्ही बाजूंना अत्तरांच्या आणि दागिन्यांच्या जाहिराती आहेत, हे मात्र मायक्रोफिल्मवरही दिसतं.

खवट

दोन प्रतिसाद वाचले. शोधपत्रकारितेचं मान्य. पण मूळ वाक्य "मासिकांनी युद्ध थांबवलं" असं आहे. किंगचं भाषण १९६७. अमेरिकन सैन्य परत आलं १९७३. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली १९७५. मधल्या काळात निक्सन दोनदा निवडून आला. 'रॅम्पार्ट्स' १९६९ मध्ये दिवाळखोरीत, १९७५ मध्ये कायमचं बंद. युद्ध आणि मासिक एकाच वर्षी संपलं म्हणजे कुणी कुणाला थांबवलं?

आणि तुमचं ते ल्यूसचं साम्राज्य. १९६३ मध्ये 'टाइम'च्या सायगावच्या बातमीदाराने, चार्ल्स मोर, युद्ध बिघडतंय असं लिहून पाठवलं, तर न्यू यॉर्कच्या संपादकांनी ते उलटं करून छापलं, वर सायगावच्या पत्रकारांवरच टीका छापली. मोरने राजीनामा दिला. सगळ्यात जास्त खपणारी मासिकं युद्ध चालवायला मदतच करत होती.

बाइंडिंगवाली

मोरचं अगदी खरं आहे, आणि युद्ध मासिकांनी थांबवलं असं मीही म्हणत नाही. ज्यांनी म्हटलं ते व्याख्याते वाटसरूचे.

पण 'लाइफ'चं एक सांगते, तुम्हीच ल्यूस काढलात म्हणून. ल्यूस १९६७ च्या फेब्रुवारीत गेले, 'रॅम्पार्ट्स'च्या त्या जाहिरातीनंतर दोन आठवड्यांनी. २७ जून १९६९ च्या 'लाइफ'च्या मुखपृष्ठावर एका तरुणाचा चेहरा, जवळून घेतलेला, दाणेदार. आत पानामागून पान नुसते चेहरे. २८ मे ते ३ जून या एका आठवड्यात व्हिएतनाममध्ये मेलेले अमेरिकन सैनिक. आकडा २४२, त्यांतल्या २१७ जणांचे फोटो मिळाले. शाळेच्या वार्षिकात छापतात तशा ओळी. बरेचसे फोटो शाळा संपताना काढलेलेच, टाय लावून, केस चोपडून. खाली नाव, वय, हुद्दा, गाव. भाष्य जवळजवळ काहीच नाही. आठवडा मुद्दाम भीषण निवडला नव्हता, नेहमीसारखाच होता. हे ऐंशी लाखांहून अधिक घरांत गेलं.

टीव्हीवर दिसलं आणि गेलं, खवट. हा अंक घरात पडून राहिला. आमच्या खंडात तो होता. तपासताना मला एका पानावर खिडकी दिसली. ब्लेडने, पट्टी लावून, चारही बाजू सरळ कापलेली, एका फोटोएवढी. खालचं नावही नेलेलं. वाचनालयाची पानं कापणारे मी खूप पाहिलेत, पाककृती नेतात, निबंधासाठी नकाशे नेतात, सगळे घाईत फाडतात. हे कापणं तसं नव्हतं. त्या खिडकीतून पाठचं पान दिसत होतं आणि कापताना पाठीमागच्या बाजूच्या एका मुलाचा अर्धा चेहरा गेला होता.

आमचा नियम असा की गहाळ पानाची छायाप्रत दुसऱ्या वाचनालयातून मागवायची आणि खाचेत गोंदाची बारीक रेघ ओढून चिकटवायची, कापलेलं पान काढून टाकायचं. मी छायाप्रत मागवली. आली. चिकटवली. जुनं पानही काढलं नाही. वरिष्ठ बाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत. तपासणीच्या तक्त्यात 'ठेवा' असा शिक्का मारला.

वाटसरू७

सगळ्यांचे आभार. विचारलं होतं एक आणि मिळालं भलतंच भरभरून. दादरकर काका, आजोबांच्या ट्रंकेत तळाशी 'क्वेस्ट'चाही एक अंक निघाला आहे, मुखपृष्ठ नसलेला. हवा असेल तर दादरला आणून देतो.

काकू, एक विचारू? छायाप्रत आल्यावर तुम्ही बघितलं असेलच. तो कापून नेलेला मुलगा कुठला होता?

बाइंडिंगवाली

आमच्याच गावचा. नाव इथे नको.

खवट

+१. धागा वाचनखुणेत टाकला.